केवढा मासा? हवेतून श्वास घेणाऱ्या माशांच्या अभ्यासाची पार्श्वभूमी

‘अ‍ॅनाबास आपला निम्मा ऑक्सिजन हवेतून घेतो’ हे वाक्य प्राणिशास्त्राच्या पुस्तकांत सर्रास सापडतं. आकडा खोटा नाही. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल विद्यापीठातल्या प्रयोगांतून तो 1970 साली छापून आला. पण ज्या माशांवर तो मोजला ते साधारण 30 ते 50 ग्रॅमचे होते, हा तपशील पाठ्यपुस्तकात पोचेपर्यंत गळून पडतो. अंड्यातून नुकतंच बाहेर पडलेलं अ‍ॅनाबासचं पिल्लू हवेतून काहीच घेत नाही, कारण त्यासाठी लागणारा अवयवच त्याच्यात अजून तयार झालेला नसतो. आधी मासा केवढा ते सांगा, मग तो हवेतून किती श्वास घेतो ते सांगता येईल. ऐकायला हे सोपं वाटतं, पण मोजून दाखवायला जवळपास पावणेदोनशे वर्षं गेली आणि त्यातलं बरंचसं मोजमाप बिहारमधल्या भागलपुरात झालं.

आधी हे मासे कोण, ते पाहू. अ‍ॅनाबास म्हणजे बंगाल्यांची लाडकी ‘कोई’, वीतभर लांबीचा, खरबरीत कल्लेझाकणीचा मासा. मागूर, शिंगी, कुचिया हे त्याचे दलदलीतले सोबती. आपल्याकडे सगळ्यांत ओळखीचा मरळ. भंडारा-गोंदियाच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांतला मरळ बाजारात घमेल्यातल्या बोटभर पाण्यात तासन्‌तास जिवंत राहतो आणि गिऱ्हाईक तो ‘जिता’ आहे म्हणूनच जास्त पैसे मोजतं. (हैदराबादला मृगाच्या सुरुवातीला दम्याच्या रुग्णांना मरळाचं जिवंत पिल्लू गिळायला देतात. त्या उपायाला वैद्यकीय आधार नाही, पण प्लास्टिकच्या पिशवीतल्या चार घोट पाण्यात ती पिल्लं एवढ्या गर्दीत तग धरतात याला मात्र शास्त्रीय कारण आहे.) कोकणातल्या खाडीच्या चिखलात उड्या मारणारा निवटाही हवेतून श्वास घेतो, पण तो तोंडाच्या अस्तरातून आणि कातडीतून. त्याची गोष्ट वेगळी, ती इथे नको.

हवेकडे वळण्याचं कारण हिशोबाचं आहे. एक लिटर हवेत सुमारे 210 मिलिलिटर ऑक्सिजन असतो. आपल्या हवामानातल्या कोमट, स्वच्छ पाण्याच्या एका लिटरमध्ये जेमतेम 6 मिलिलिटर. त्यात उन्हाळ्यात आटलेलं तळं, कुजणारा पालापाचोळा आणि पहाटेची वेळ असेल तर तेवढाही उरत नाही. रात्रभर वनस्पतींनी आणि जिवाणूंनी तो संपवलेला असतो. अशा पाण्यात ज्याला वर येऊन घोटभर हवा घेता येते तो सकाळ पाहतो.

ताडावरचा मासा

या विषयाची सुरुवात झाली ती एका नवलकथेने. तमिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या तरंगंबाडी इथे डेन्मार्कची वसाहत होती. तिथल्या डाल्डॉर्फ नावाच्या लेफ्टनंटने 1791 साली तळ्याकाठच्या ताडाच्या खोडावर, पाण्यापासून काही फूट उंचीवर, चढणारा मासा धरल्याचं लिहिलं. 1797 मध्ये हे टिपण लंडनच्या लिनीअन सोसायटीच्या नियतकालिकात आलं आणि युरोपात ‘चढणारा मासा’ प्रसिद्ध झाला. मासा खरोखर झाडावर चढतो यावर पुढच्या अभ्यासकांनी शंका घेतल्या. कावळ्या-घारींनी उचलून झाडावर टाकलेले मासे लोकांना सापडत असावेत, असंही सुचवलं गेलं. मात्र ओल्या जमिनीवरून कल्लेझाकणीचे काटे रोवत तो दुसऱ्या तळ्याकडे सरकतो, यात वाद नाही.

चढण्याच्या नादात खरा प्रश्न मागे पडला: पाण्याबाहेर तो जगतो कसा? त्याच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर एक पोकळी असते आणि तीत चुण्या-चुण्यांचा, गुलाबाच्या पाकळ्यांसारखा दुमडलेला हाडाळ अवयव बसलेला असतो. फ्रेंच शास्त्रज्ञ क्युविए याने तो पाहिला, त्याचं नेटकं वर्णन केलं आणि निष्कर्ष चुकीचा काढला. या चुण्यांत मासा पाणी साठवतो आणि बाहेर असताना त्यावर कल्ले ओले ठेवतो, असं त्याला वाटलं. मेलेला मासा फाडून पाहणाऱ्याला असं वाटणं अगदी साहजिक होतं. मद्रासच्या लष्करी सेवेतला डॉक्टर आणि पुढे भारतातल्या मत्स्यविभागाचा प्रमुख झालेला फ्रान्सिस डे मात्र जिवंत मासे पाळून पाहत होता. 1860 आणि 1870च्या दशकांत त्याने दाखवून दिलं की ती पोकळी पाण्याची नाही, हवेची आहे, आणि पृष्ठभागावर येऊ दिलं नाही तर हे मासे चांगल्या पाण्यातही गुदमरतात. पाण्यात बुडून मरणारा मासा! युरोपातल्या वाचकांना हे पचायला वेळ लागला.

पुढची पायरी वाढीची. 1927 साली बी. के. दास यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात भारतातल्या अशा माशांवर प्रदीर्घ निबंध लिहिला. त्यात हे अवयव पिल्लात केव्हा आणि कशातून उगवतात हे टप्प्याटप्प्याने दिलं होतं. अंड्यातून मासा बाहेर येतो तेव्हा हवेचा अवयव नसतो, तो नंतर घडतो, हे त्यातून पक्कं झालं. म्हणजे एकाच माशाच्या आयुष्यात श्वास घेण्याच्या दोन पद्धती येतात. पण कोणत्या वजनाला किती, हे सांगायला लागणारं गणित तोपर्यंत माशांपर्यंत पोचलंच नव्हतं.

कुत्रे, गायी आणि घातांक

ते गणित घडत होतं कुत्र्यांवर आणि गायींवर. 1830च्या दशकाच्या अखेरीस सारूस आणि रामो या फ्रेंच जोडीने मांडलं की प्राण्याची उष्णता त्याच्या कातडीवाटे जाते, म्हणून त्याची ऊर्जेची गरज वजनाच्या नव्हे, तर पृष्ठभागाच्या प्रमाणात असली पाहिजे. 1883 मध्ये जर्मनीत माक्स रूबनर याने लहानमोठ्या कुत्र्यांवर मोजमाप करून त्याला आधार दिला. भूमितीने पृष्ठभाग वजनाच्या दोन तृतीयांश घाताने वाढतो, म्हणजे वजन आठपट झालं तर पृष्ठभाग चौपटच. 1932 साली कॅलिफोर्नियात माक्स क्लायबर याने उंदरापासून बैलापर्यंतचे आकडे एकत्र मांडले, तर घातांक दोन तृतीयांश न येता पाऊणच्या जवळ आला. आजही शरीराचं वजन आणि चयापचय यांचा विषय निघाला की पहिलं नाव क्लायबरचंच घेतात.

माशांसाठी हाच हिशोब 1956 साली सोव्हिएत शास्त्रज्ञ विनबर्ग याने मांडला. शेकडो मोजमापं गोळा करून त्याने घातांक 0.8च्या आसपास ठरवला. याचा अर्थ असा: मासा दसपट वजनदार झाला तर त्याला ऑक्सिजन दसपट लागत नाही, सहा-सव्वासहापट लागतो. ग्रॅममागे पाहिलं तर मोठा मासा कमी खर्चिक.

आता घोळ कुठे होतो ते बघा. मागणी एका घातांकाने वाढते, पण पुरवठा करणारा पृष्ठभाग, म्हणजे कल्ले, कोणत्या घातांकाने वाढतो? दोन्ही सारखे असतील तर प्रश्न मिटला. कल्ले मागे पडत असतील तर मोठ्या माशाची ओढाताण होणार. पाण्यातच श्वास घेणाऱ्या माशांचे कल्ले बऱ्याचदा मागणीला धरून वाढतात असं दिसत होतं. हवा घेणाऱ्यांचं काय, याची कोणालाच कल्पना नव्हती.

भागलपूर आणि ब्रिस्टल

ज्योतिस्वरूप दत्त मुन्शी यांनी 1960च्या सुमारास मागूर आणि शिंगी यांच्या श्वसनेंद्रियांची सूक्ष्म रचना उलगडली होती. त्यात सगळ्यांत मोलाचा मुद्दा असा की हवेच्या अवयवाचं रक्तवाहिन्यांनी भरलेलं अस्तर हे मुळात कल्ल्यांच्याच पटलांचं रूपांतर आहे. पुढे ते भागलपूर विद्यापीठात आले. गंगेकाठचा हा पट्टा दलदलींचा, तिथे संशोधनाचा माल दारात मिळत होता. ब्रिस्टलला जॉर्ज ह्यूज प्राण्यांच्या श्वसनाचा तौलनिक अभ्यास करत होते आणि कल्ल्यांचं क्षेत्रफळ मोजण्याची पद्धत त्यांनी बसवली होती. दोघांचं जुळलं. आधी बी. एन. सिंग यांनी ह्यूज यांच्याबरोबर अ‍ॅनाबास आणि शिंगी यांचा वायुविनिमय मोजला (1970-71), आणि 1973-74च्या सुमारास भागलपूरच्या मंडळींबरोबर वजनानुसार क्षेत्रफळाचे निबंध आले.

हे काम किती चिकाटीचं होतं, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. माशाच्या प्रत्येक बाजूला कल्ल्यांच्या चार कमानी. प्रत्येक कमानीवर तंतूंच्या दोन ओळी. प्रत्येक तंतूच्या दोन्ही अंगांना उभी केलेली पातळ पटलं, तीच खरी श्वासाची जागा. आधी सगळे तंतू मोजायचे. त्यांची लांबी घ्यायची. ठरावीक अंतरावरचे तंतू निवडून सूक्ष्मदर्शकाखाली मिलिमीटरमागे किती पटलं ते मोजायचं. मग काही पटलं कापून त्यांची बाह्यरेषा कागदावर उतरवायची, क्षेत्रफळ काढायचं आणि गुणाकार करत वर यायचं. हे झालं एका माशाच्या कल्ल्यांचं. नंतर डोक्यातल्या त्या चुण्यांचा अवयव उलगडून त्याचं क्षेत्रफळ, शिवाय पोकळीच्या अस्तराचं वेगळं. आणि हे सगळं एक-दोन ग्रॅमच्या बोटुकलीपासून शंभर ग्रॅमच्या आसपासच्या माशापर्यंत पुन्हा पुन्हा. शेवटी दोन्ही अक्षांवर लॉगची मोजपट्टी असलेल्या कागदावर ठिपके मांडायचे. ठिपके सरळ रेषेत आले तर रेषेचा चढ हाच घातांक.

अ‍ॅनाबासमध्ये कल्ल्यांचा घातांक 0.6च्या थोडा वर आला. चुण्यांच्या अवयवाचा 0.8च्या जवळ. नुसते आकडे कोरडे वाटतात, म्हणून एक ग्रॅमची बोटुकली शंभर ग्रॅमची झाली असं धरू. विनबर्गच्या 0.8 घातांकाने तिची ऑक्सिजनची मागणी सुमारे 40 पट होते. कल्ले वाढतात साधारण 16-17 पट. हवेचा अवयव वाढतो 36 ते 40 पट. अर्थात ही आकडेमोड समजून घेण्यापुरती, सगळे मासे रेषेवरच वाढतात असं नाही. पण दिशा उघड आहे: मासा मोठा होतो तसे कल्ले मागणीच्या मागे पडतात आणि ती तूट हवा भरून काढते.

इथे एखाद्याला वाटेल की कल्ल्यांचा हा आळशीपणा निसर्गाचं अपयश आहे. मला तसं वाटत नाही. अ‍ॅनाबासच्या रक्ताभिसरणात एक अडचण आहे. हवेच्या अवयवातून ऑक्सिजन घेतलेलं रक्त थेट शरीराकडे जात नाही. ते शिरांवाटे हृदयाकडे परत येतं, वापरलेल्या रक्तात मिसळतं आणि तिथून पुन्हा कल्ल्यांकडे ढकललं जातं. आता बाहेरच्या पाण्यात ऑक्सिजन नसेल आणि कल्ले मोठे, पातळ असतील, तर हवेतून मिळवलेला ऑक्सिजन कल्ल्यांवाटे पाण्यात गळून जाणार. म्हणजे दलदलीत मोठे कल्ले हा चक्क तोटा! इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने याला दुजोरा दिला. अ‍ॅनाबासच्या कल्ल्यांत पाणी आणि रक्त यांच्यातली भिंत सुमारे 10 मायक्रोमीटर जाड निघाली, तर हवेच्या अवयवात हवा आणि रक्त यांच्यातलं अंतर जेमतेम 0.2 मायक्रोमीटर.

मग कल्ले टाकूनच का देत नाहीत? कारण त्यांच्याकडे इतर कामं आहेत. कार्बन डायऑक्साइड पाण्यात ऑक्सिजनपेक्षा कितीतरी सहज विरघळतो, म्हणून तो पाण्यातच सोडणं स्वस्त. अमोनिया तिथूनच बाहेर पडतो, क्षारांचा समतोल तिथेच राखला जातो. हवा घेणारा मासा ऑक्सिजन आत घेतो वरून आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो खाली, ही विभागणी ह्यूज आणि सिंग यांच्या मोजमापांत स्वच्छ दिसते.

सगळ्याच माशांचा हिशोब मात्र असा सुटसुटीत नाही. शिंगीमध्ये हवेच्या नळकांड्यासारख्या पिशव्या पाठीच्या स्नायूंत लांबवर गेलेल्या असतात. तिच्यात पिशवीचा घातांक कल्ल्यांपेक्षा कमी भरला, म्हणजे अ‍ॅनाबासच्या नेमकं उलट. शिंगीला खवले नाहीत, उघडी कातडीही श्वासात हातभार लावते, आणि कातडीचा पृष्ठभाग तर भूमितीच्या नियमाने मागे पडणारच. कुचियात कल्ले जवळजवळ नावापुरते उरलेले असतात. त्यामुळे ‘मासा मोठा झाला की हवेवर विसंबतो’ हा नियम म्हणून छापणं घाईचं ठरेल. तो अ‍ॅनाबासला लागू पडतो आणि खाली येणाऱ्या दोघांना तर फारच ठळकपणे.

आफ्रिका, अमेझॉन आणि मदुराई

1976 मध्ये योहान्सेन, लोमहोल्ट आणि मालोय यांनी आफ्रिकेतल्या प्रोटॉप्टेरस या फुप्फुसमाशावर नेमका हाच प्रश्न घेतला: वजनानुसार हवा आणि पाणी यांचा वाटा. फुप्फुसमासा म्हणजे हवेवर जगणारा, हीच तोवर सगळ्यांची समजूत. पण काही ग्रॅमची पिल्लं मुख्यतः पाण्यातूनच ऑक्सिजन घेत होती आणि वजन वाढेल तसा हवेचा वाटा वरचढ होत गेला.

अमेझॉनमधल्या आरापाइमाचं उदाहरण याहून धक्कादायक आहे. हा मासा दोन मीटरच्या वर वाढतो. 2004 साली कॉलिन ब्राउनर आणि सहकाऱ्यांनी त्याचे वेगवेगळ्या वजनांचे कल्ले सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. सुमारे 10 ग्रॅमच्या माशात कल्ले कोणत्याही साध्या माशासारखे, पटलं सुटी आणि उभी. एक किलोच्या माशात तीच पटलं दिसेनाशी झालेली, मधल्या फटी पेशींनी बुजलेल्या आणि तंतू गुळगुळीत दांड्यांसारखे. त्या पेशी क्षारांची ने-आण करणाऱ्या. ज्या अवयवाने पिल्लू श्वास घेत होतं त्याचं मोठेपणी वेगळंच खातं झालं. दोन अवस्थांचे फोटो शेजारी ठेवले तर ते एकाच जातीचे आहेत यावर विश्वास बसू नये.

मदुराईच्या टी. जे. पांडियन आणि ई. विवेकानंदन यांनी 1970च्या दशकात बाजू बदलून प्रश्न विचारला. हवा फुकट मिळत असली तरी ती आणायला वर जावं लागतं. त्या जाण्यायेण्याचा खर्च किती? त्यांनी मरळाची पिल्लं कमी-जास्त खोलीच्या पाण्यात ठेवली, दिवसातल्या फेऱ्या आणि खाल्लेलं अन्न मोजलं. पाणी खोल, तर प्रवास जास्त आणि खाल्लेल्या अन्नातून अंगी लागणारं कमी. 1977 मध्ये विवेकानंदन यांनी हेच शरीराच्या वजनाला जोडून पाहिलं. दोन फूट खोली ही वीतभर मरळासाठी आणि बोटाएवढ्या पिल्लासाठी सारखी नसतेच. शिवाय पृष्ठभागावर बगळा-धीवर टपलेले. मरळाची लालसर पिल्लं थव्याने राहतात आणि वरही थव्यानेच येतात, आईबाप खाली राखण करतात. मासेमार हा लाल पुंजका पाहूनच मोठा मरळ कुठे आहे ते ओळखतात. एकत्र वर येण्याने एकेकट्याचा धोका कमी होतो, हा मुद्दा क्रेमर आणि ग्रॅहॅम यांनी 1976 मध्ये हवा घेणाऱ्या इतर माशांवर मांडला होता.

मत्स्यशेतीला या कामाचा उपयोग सरळ आहे: पिल्लांना उथळ पाणी द्या. मरळ आणि मागूर यांच्या मत्स्यजिऱ्यांपासून, म्हणजे अगदी इवल्या पिल्लांपासून, बोटुकलीपर्यंतच्या काळात पाण्यातला ऑक्सिजन सांभाळावाच लागतो. ‘हे मासे कशाही पाण्यात जगतात’ ही समजूत मोठ्या माशाला पाहून झालेली आहे.

सध्याचा वाद

गेल्या काही वर्षांत हा जुना विषय पुन्हा चर्चेत आला तो तापमानवाढीमुळे. डॅनिएल पॉली हे मत्स्यशास्त्रज्ञ कित्येक दशकं म्हणत आले आहेत की कल्ले हा पृष्ठभाग आहे, शरीर हे घनफळ आहे, त्यामुळे मोठ्या माशाला ऑक्सिजन कमी पडतो आणि तिथेच त्याची वाढ थांबते. पाणी तापलं तर मासे आकाराने लहान होत जातील, हा त्याचा पुढचा निष्कर्ष. स्यानी लफेव्र, डेव्हिड मॅकेन्झी आणि योरान निल्सन यांनी 2017 मध्ये त्यावर जोरदार आक्षेप घेतला: कल्ले हा काही गोळ्याचा बाहेरचा पृष्ठभाग नव्हे, ते घड्या घालून गरजेप्रमाणे वाढू शकतात. कल्ले लहान आहेत कारण गरज तेवढीच आहे, असं त्यांचं म्हणणं.

हवा घेणारे मासे या वादात फारसे ओढले जात नाहीत, हे मला खटकतं. कल्ल्यांची मर्यादा हेच वाढ थांबण्याचं कारण असेल, तर वरून श्वास घेणाऱ्याला ती लागू नसावी. आरापाइमा मत्स्यशेतीत वर्षभरात दहा किलोंच्या घरात जातो, तेव्हा पॉलींचं पटू लागतं. पण त्याच्यासारखाच हवेवाचून गुदमरणारा अ‍ॅनाबास वीतभर होऊन थांबतो.

तिसरं उदाहरण आपल्या ताटातलं आहे. ‘बासा’ म्हणून मिळणारा पंगस हाही हवा घेऊ शकणारा मासा आहे, आणि महाराष्ट्रातही तो पाळला जातो. व्हिएतनामच्या कॅन थो आणि डेन्मार्कच्या ऑर्हुस विद्यापीठांतल्या गटांनी दाखवलं की पाण्यात ऑक्सिजन भरपूर असेल तर त्याचं कल्ल्यांवर व्यवस्थित भागतं, वर येण्याची त्याला फारशी गरज पडत नाही. त्याचे कल्ले हवा घेणाऱ्या माशाच्या मानाने चांगलेच मोठे आहेत. शिवाय पाण्याचं तापमान आणि ऑक्सिजन बदलला की काही आठवड्यांत त्यांचा श्वसनाचा पृष्ठभागही बदलतो. म्हणजे ज्या घातांकाकडे 1973 मध्ये माशाच्या जातीचा पक्का गुणधर्म म्हणून पाहिलं गेलं, तो काही अंशी मासा ज्या पाण्यात वाढला त्यावरही ठरतो. भागलपूरचे आकडे आज वापरताना म्हणून वजनाबरोबर ते मासे कुठल्या तळ्यातून आणि कोणत्या मोसमात धरले होते, हेही पाहावं लागतं.